कंदुरीला एक बोकड की दोन?

आमच्या घरात कंदुरी, म्हणजे दर्ग्यावर बोकड कापून द्यायचं नवसाचं जेवण, ठरली की पहिला आवाज ओट्यावरून येतो, "दोन कापू, कमी पडायला नको." बोलणारे कधी दीर असतात, कधी पाहुणे, कधी मालक स्वतः. बोकड मात्र माझ्या दावणीचे. करडू ओलं असताना पुसून घेतलं मी, जंताचं औषध पाजलं मी, पावसाळ्यात गोठ्यात चुना टाकला मी. म्हणून एक की दोन हे ठरवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. कळंब तालुक्यात आमचं गाव आहे, अकरा उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि सोळा वर्षांत घरच्या पाच कंदुऱ्या झाल्या. त्यातल्या दोन कंदुऱ्यांना दोन-दोन बोकड कापले. एकदा ते बरोबर होतं, एकदा चुकलं. त्या चुकीतूनच मी हिशोब करायला शिकले, तो सांगते.

आधी बोकड मोजा, मग माणसं. सगळे उलटं करतात. "शंभर माणूस येईल" असं म्हणतात आणि बोकडाकडं डोळ्यानं बघून "वीस-पंचवीस किलो असंल" म्हणून मोकळे होतात. केसाळ बोकड डोळ्याला नेहमी मोठा दिसतो. शिवणकामाची इंचाची टेप घ्या. सकाळी, चारा-पाण्याआधी, बोकड सरळ उभा करा. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर घ्या, टेप ना आवळून ना ढिली. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ६६० नं भागायचं. येतं ते किलोत वजन. घेर २६ इंच आणि लांबी २४ इंच असेल तर ६७६ गुणिले २४ म्हणजे १६,२२४, भागिले ६६०, साडेचोवीस किलो. एखाद-दोन किलो इकडंतिकडं होतं, पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा खूप जवळ जातं.

जिवंत वजनाच्या साधारण ४५ टक्के मटण धरा, हाडासकट. साडेचोवीस किलोच्या बोकडातून अकरा किलो. मुंडी, पाय, वजडी त्यात धरू नका. कंदुरीत कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, पातळ असतं, येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ) लावलेलं, सोबत ज्वारीची भाकरी. अशा जेवणाला माणशी दीडशे ग्रॅम कच्चं मटण पुरतं. म्हणजे अकरा किलोत सत्तर माणसं, आणि मी पासष्टच धरते, कारण वाढणारा आपल्या माणसाच्या ताटात दोन तुकडे जास्त टाकतोच. रश्शात पाणी वाढवता येतं, येसर वाढवता येतो, तुकडे वाढवता येत नाहीत.

आता इथंच एक गोष्ट बघा. घेर ३० आणि लांबी २७ असलेला एक दांडगा खच्ची बोकड भरतो जवळपास ३७ किलो. त्यातून सतरा किलोच्या आत-बाहेर मटण निघतं, एकशे दहा माणसं जेवतात. बारक्या बोकडांच्या दोनाची गरज पुष्कळ वेळा असा एक भागवतो. कंदुरी कधी करायची हे बरंच आधी माहीत असेल तर लहानपणीच खच्ची करून एक बोकड त्यासाठी वेगळा पोसा. खच्ची केलेल्याला उग्र वासही येत नाही.

माणसं मोजताना घरांची यादी करू नका, खाणाऱ्यांची करा. आमच्याकडे कंदुरी गुरुवारी नाहीतर शुक्रवारी असते. गुरुवारी धरली की दत्ताचा गुरुवार करणारे गळतात. माळकरी तर कुठल्याच वारी खात नाहीत. ते येतात, दर्ग्यात नारळ फोडतात, त्यांची चूल वेगळी, वरण-भाकरी वेगळी. आमच्या भावकीत बावीस घरं आहेत आणि सात घरांत माळ आहे. ती सात घरं मी पहिल्या कंदुरीला मटणात मोजली होती. दहा वर्षांखालची पोरं अर्धी धरा. आणि ज्यांना लांबून यायचं आहे त्यांची वेगळी चिठ्ठी करा, कारण घोटाळा तिथं होतो.

आता ते चुकलेलं वर्ष. पुतण्याच्या जावळाची कंदुरी होती, चैत्रात. सगळ्यांनी मिळून नव्वद माणूस धरला. माझ्याकडे दोन बोकड होते, एक बावीस किलोचा आणि दुसरा चांद्या. दोन्ही कापायचे ठरलं. मी तेव्हा बोलले नाही. सकाळी आठला बोकड कापणारे मुलाणीचाचा आले. ते एकटेच. पहिला बोकड सोलून, फोडून, तुकडे होईपर्यंत सव्वा तास गेला, दुसरा झाला तेव्हा साडेदहा वाजले होते. ऊन चढलेलं, माश्या घोंगावत होत्या, आणि पहिल्याचं मटण परातीत ओल्या कापडाखाली तसंच पडलेलं. दोन्ही एकाच हंड्यात टाकले. चांद्या दीड वर्षाचा होता, दुसरा दहा महिन्यांचा. कोवळ्याचे तुकडे हाडावरून सुटून आले तरी चांद्याचा तुकडा चावत नव्हता. वयाचा फरक असेल तर एका हंड्यात कधी शिजवू नका, हे त्या दिवशी कळलं.

मग दीराच्या सासरचा टेम्पो आलाच नाही. त्यांच्या गावात एक म्हातारी गेली, सुतक पडलं. फोन आला तेव्हा हंडा उतरला होता. अठ्ठावन्न माणसं जेवली. उरलेलं झाकून ठेवलं, "संध्याकाळी येतील कोणी" म्हणून. चैत्रातल्या आमच्या उन्हात चाळीसच्या वर पारा असतो. पाच वाजता झाकण काढलं तर वर फेस होता आणि आंबूस वास. मी आणि जाऊबाईनं दर्ग्याच्या मागच्या ओढ्यात खड्डा काढून ते पुरलं. मटणाचं भांडं नव्हे, चांद्याच पुरला असं मला वाटत होतं. दोघा पोरांनी दुपारी डब्यातून घरी नेलेलं रात्री खाल्लं, त्यांना उलट्या झाल्या, सलाईन लावावं लागलं.

म्हणून उन्हाळ्यातल्या कंदुरीला माझा हिशोब घड्याळाचा असतो. शिजलेलं मटण चुलीवरून उतरून थंड व्हायला लागलं की त्यात जंतू वाढायला लागतात. एरवी दोन तास, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्यानंतर ते खायला धोक्याचं. रस्सा निखाऱ्यावर उकळता ठेवला तर चालतो, झाकून बाजूला ठेवलेला चालत नाही, मग झाकण कितीही घट्ट असो. पंगती दोन वाजेपर्यंत उरकणार असतील तर तेवढ्यात जितकी माणसं बसतील तितकंच मटण. संध्याकाळच्या माणसांसाठी दुसरा बोकड कापायचा असेल तर तो दुपारी चारला कापायचा, सकाळी नाही. पुन्हा चूल पेटवायचा कंटाळा येतो, मान्य आहे. पण सकाळी कापलेला दुसरा बोकड दिवसभर ताजा ठेवायला आपल्याकडे काहीच नसतं. दर्ग्याजवळ लाईट नसते, आणि घरच्या फ्रिजात अकरा किलो मावत नाही.

हातांचाही हिशोब करा. एका बोकडाला एक कापणारा, एक पाणी ओतणारा आणि तुकडे करणारे दोघे लागतात. बाभळीची लाकडं असतील तर कोवळं मटण दीड-दोन तासांत शिजतं, जून असेल तर तीन. दुसरा बोकड म्हणजे दुसरा कापणारा, दुसरा हंडा, चुलीची दुसरी चर आणि वाढायला आणखी चार माणसं. हे जमत नसेल तर दुसऱ्याचा विचारच सोडा. मुलाण्याचा मान ठरलेला असतो, तो दोन्ही बोकडांचा वेगळा द्यावा लागतो, तेही लक्षात असू द्या.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. दुसरा कोणता कापणार?

मोठा, देखणा, अंगानं भरलेला बोकड दिसला की सगळे म्हणतात "देवाला हाच". पहिल्यासाठी ते मी ऐकते. पण दुसराही तसाच कापला तर कळपात काय उरतं ते बघा. उरतो लहान, मागं राहिलेला, एकटा जन्मलेला. तो पुढच्या पावसाळ्यात शेळ्यांवर जाणार आणि पुढची करडं त्याच्यासारखी होणार. उस्मानाबादी शेळी जुळी देते म्हणून ती पाळायची. जुळ्यातला, आईला भरपूर दूध असलेला, वर्षभरात चांगला वाढलेला असा बोकड निघाला तर तो पैदाशीचा. वीस-पंचवीस शेळ्यांना असा एक पुरतो, आणि त्याच्या पोरी माजावर यायच्या आत तो बदलायचा असतो. चांद्या तसाच होता. जुळ्यातला, आणि त्याच्या आईनं तीन वेतांत सहा करडं दिली होती. तो गेल्यावर मी दोन वर्षं शेजाऱ्याच्या बोकडाकडे शेळ्या नेल्या. करडं आली ती बारकी. त्या एका दुपारचा दुसरा हंडा मला दोन वर्षांच्या करडांना पडला. त्याची किंमत बाजारात कुणी सांगणार नाही.

म्हणून दावणीवर बघताना आधी पैदाशीचा बोकड बाजूला काढा, त्याच्या गळ्यात वेगळी दोरी बांधा, घरातल्या सगळ्यांना दाखवा. मग पुढच्या दसरा-दिवाळीच्या बाजारी ज्याच्यावर घरखर्चाची भिस्त आहे तो काढा. त्यानंतर दावणीला बोकड उरला तरच घरचा दुसरा. पाट, म्हणजे तरुण मादी, कापायची नाही, गाभण शेळीचा तर प्रश्नच नाही. कोणाला औषध पाजलं असेल, इंजेक्शन दिलं असेल, तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपल्याशिवाय तो कापू नका. किती दिवस ते कळलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. खोकणारा, हगवण लागलेला, चारा सोडलेला बोकड "कापून टाकू" म्हणून कधीच कंदुरीला नेऊ नका. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी मात्र पुढ्यात.

थोडं कमी पडेल अशी भीती असेल तर मधले रस्ते आहेत. तीस माणसं वाढणार असतील तर चार-पाच किलो मटण खाटकाकडे आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्या सकाळी ताजं आणा. नवस एका बोकडाचा असतो, तो घरच्या बोकडानं फिटतो, वरच्या मटणानं नवस मोडत नाही. मी मुलाणीचाचांना हे मुद्दाम विचारलं. त्यांनी सांगितलं, कंदुरी हा फारशी शब्द, त्याचा अर्थच जेवणासाठी अंथरलेलं वस्त्र. वस्त्रावर किती बोकड हे कोणी मोजत नाही, कोण उपाशी उठलं ते बघतात. सासूबाईंना हे पटलं, आणि त्यांना पटलं की घरात पटतं.

दोन बोकड बरोबर ठरले ते थोरल्या मुलीच्या लग्नानंतरच्या कंदुरीला. पौष महिना होता, सकाळी थंडी. दोन्हीकडची मिळून एकशे तीस खाणारी माणसं, आणि त्यातली शंभर आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला होती, म्हणजे टेम्पोचा भरवसा नव्हता धरावा लागत. कापायला दोघं होते, हंडे दोन, वय दोन्ही बोकडांचं सारखं. एक माझा होता, दुसरा बाजारातून विकत घेतला, कारण माझ्या दावणीला कापण्याजोगा एकच होता. दीड वाजता शेवटची पंगत उठली आणि हंड्यात तळाचा रस्सा तेवढा राहिला होता.

त्याही दिवशी दुसऱ्या बोकडावर लगेच सुरी चालवू दिली नाही. पहिला सोलायला घेतला तेव्हा मी दर्ग्याच्या पायरीवर बसून आलेली माणसं मोजली, न आलेल्यांना फोन लावले. नव्वदच्या पुढं आकडा गेला तेव्हा दुसऱ्याला हो म्हणाले. एकदा कापलेला परत उभा करता येत नाही, बांधलेला मात्र संध्याकाळी परत घरी नेता येतो. म्हणून दोन नेले तरी दुसरा झाडाला बांधा, त्याच्यापुढं पाला टाका, आणि मोजणीची वेळ आधीच ठरवून ठेवा. वेळ ठरलेली नसली की ओट्यावरचे आवाज ठरवतात.

येत्या माघात धाकट्याच्या नोकरीचा नवस फेडायचा आहे. यादीत खाणारी चौऱ्याऐंशी माणसं आहेत. खच्ची बोकड काल मोजला, एकतीस किलो भरला, म्हणजे चौदा किलो मटण. दीरांनी विचारलं, "वैनी, तो दुसरा पण न्यायचा का?" दुसरा म्हणजे चांद्याच्या बहिणीच्या वेताचा, जुळ्यातला, कपाळावर तसंच पांढरं. त्याच्या गळ्यात मी लाल दोरी बांधली आहे. पावसाळा लागला की शेळ्या माजावर येतील, तेव्हा तो लागणार आहे.