‘रन ऑफ द मिल’ वापरताय? या चुका टाळा

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एखाद्या साडीवाल्याने ‘आमच्याकडे रन-ऑफ-द-मिल साड्या मिळतील’ अशी जाहिरात दिली, तर इंग्रजी जाणणारं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढणार नाही. दुकानदाराला सांगायचं असतं, माल थेट मिलमधून आलाय. वाचणारा समजतो, कुठेही मिळतात तसल्याच साड्या आहेत. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली एम्प्रेस मिल ज्या गावाच्या बोलण्यात अजून आहे, तिथे ‘मिलचा माल’ ही तारीफ वाटणारच. इंग्रजीत मात्र ती तारीफ होत नाही.

गिरणीतून माल जसा निघाला तसाच, प्रतवारी न करता विकायला काढला, की तो ‘रन ऑफ द मिल’. ‘रन’ म्हणजे सलग निघालेलं उत्पादन. त्यात एखादं ठाण झकास, एखाद्यावर डाग, एखाद्याचा धागा सुटलेला. उमरेड-सावनेरकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणीत घरचं कोणी असेल, तर हे जास्त समजावायला नको. तिथे ‘रन ऑफ माइन’, म्हणजे ‘आरओएम’ कोळसा रोजच्या बोलण्यात असतो : खाणीतून आला तसा, मोठी ढेकळं, चुरा, मध्येच दगड, सगळं एकत्र. फोडणं, चाळणं, निवडणं नंतर. न निवडलेल्या मालावरूनच ‘रन-ऑफ-द-मिल’चा आजचा अर्थ आला : सर्वसाधारण, खास काही नसलेलं.

दुसरी चूक तारीफ समजण्याच्या उलटी : ‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे वाईट, असं धरून चालणं. टपरीवरचे तर्री पोहे खाल्ले, चणे शिजलेले होते, तर्रीला बऱ्यापैकी झणका होता, पण त्यासाठी मुद्दाम गाडी वळवून परत यावं असं काही नव्हतं, तर ते पोहे रन-ऑफ-द-मिल. पोहे वातड आणि तर्री कालची असेल तर सरळ ‘बॅड’ म्हणा. ‘मीडिऑकर’ हा शब्द या दोहोंच्या मधला; आपल्या ‘सुमार’सारखा तोही टोचतो.

वाईट नाही म्हणून तोंडावर म्हणून टाकावं, असंही नाही. ‘युअर प्रेझेंटेशन वॉज रन-ऑफ-द-मिल’ ऐकून समोरचा खट्टू होणारच. नकार जोडला की मात्र कौतुक होतं : ‘नॉट युअर रन-ऑफ-द-मिल टीचर’ म्हणजे चारचौघांसारखा नसलेला शिक्षक. नोकरीच्या अर्जात हे स्वतःबद्दल लिहू नका. तसं लिहिणारे ढिगाने असतात, म्हणजे अर्ज नेमका रन-ऑफ-द-मिल होतो.

‘गो थ्रू द मिल’शी गल्लत तर हमखास. त्याचा अर्थ खडतर अनुभवांतून जाणं, भरडलं जाणं. वस्तूच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही.

तब्येतीसाठीही ‘रन-ऑफ-द-मिल’ चालत नाही. ‘हाऊ आर यू?’ला ‘बस, चालू आहे’ छापाचं उत्तर द्यायचं तर इंग्रजीत ‘फेअर टू मिडलिंग’ आहे. विदर्भातल्या जिनिंगवाल्यांना ते आवडावं, कारण ‘मिडलिंग’ ही अमेरिकी कापसाची प्रत. तिच्या वर ‘स्ट्रिक्ट मिडलिंग’, खाली ‘लो मिडलिंग’. पण हा प्रयोग आता जुन्या वळणाचा वाटतो. मुलाखतीला गेलेल्या पोराने ‘फाइन, थँक यू’वरच भागवावं.

मे महिन्यात पारा 45 वर गेला, तर नागपूरकर म्हणेल, ‘त्यात काय नवल बाप्पा!’ इथे इंग्रजीत ‘पार फॉर द कोर्स’ बसतं. तो गोल्फमधला शब्द. अर्थ, अपेक्षेप्रमाणेच झालं. पोह्यांना ‘पार फॉर द कोर्स’ म्हटलंत, तर ‘इथे असेच मिळतात’ असा टोमणा होईल.

लिहिताना इतकंच पाहा : नामाच्या आधी आलं की चारही शब्द जोडरेघांनी बांधायचे. ‘अ रन-ऑफ-द-मिल हॉटेल’ हे बरोबर. रेघा गाळल्या की वाचणारा ‘मिल हॉटेल’ नावाचं हॉटेल शोधत बसतो.