घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नयेत
चोर्ला घाटातून गोव्यातल्या केरीकडे किंवा अनमोड घाटातून मोलेकडे मित्रांसोबत सायकलने उतरताना ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम (चाकाची कडा, जिच्यावर ब्रेकचे रबर घासते) तापते, पकड कमी होते आणि बोटेही आखडतात. त्याऐवजी वळण दिसताच, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग पुरेसा कमी करावा, वळणात शिरण्यापूर्वी ते सोडावेत आणि पुढच्या सरळ पट्ट्यात रिमला वारा लागू द्यावा. चढावर एकमेकांना लागून चालवणे सोबतीचे वाटते, पण उतारावर दोन सायकलींमध्ये भरपूर अंतर ठेवावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पावसाळ्यात मात्र ब्रेक बरेच आधी दाबावेत, कारण ओल्या रिमवरची पहिली पकड पाणी पुसण्यातच जाते.