छाटणीआधी बागेतल्या सेन्सरच्या बॅटऱ्या भरून घ्या

द्राक्षबागेतले ओलावा सेन्सर नेमके ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर मुके होतात. पावसाळाभर कॅनोपी म्हणजे पानांचा पसारा दाट, वर ढग, आणि सेन्सरच्या डबीवरच्या सोलर पॅनेलवर बोर्डो या बुरशीनाशकाचा निळसर थर. छाटणी झाली की ऊन मिळते; पण तोवर पाण्याचा हिशेब चुकलेला असतो. म्हणून ऑगस्टअखेर डबीडबीला नेता येणाऱ्या बिनतारी चार्जरची एक फेरी करा.

आधी खर्च बघा. दर ५ मिनिटांनी ५ सेकंद ६० मिलिअँपिअर घेणारा सेन्सर दिवसाला सुमारे २४ मिलिअँपिअर-तास खातो. २६०० मिलिअँपिअर-तासांची १८६५० ही दंडगोल लिथियम बॅटरी साडेतीन महिन्यांत संपते. तासाला एकच नोंद ठेवली तर खर्च दोनवर येतो, आणि ठिबक चालवायला तेवढी नोंद पुरते.

लांबून रेडिओलहरींनी चार्जिंग करण्याच्या नादी लागू नका. ८६६ मेगाहर्ट्झला ४ वॅट सोडले तरी ३ मीटरवरच्या साध्या अँटेनाला मिलिवॅटचा तिसरा हिस्सा मिळतो. त्यावर ही बॅटरी भरायला तीन वर्षे लागतील. ओली पाने आड आली तर आणखी.

कॉइलच वापरा: ट्रान्समीटरची कॉइल डबीबाहेर, रिसीव्हरची आत, जवळ आल्या की तारेविना वीज जाते. रिसीव्हर कॉइल प्लास्टिकच्या झाकणाला आतून चिकटवा, मागे फेराइट या चुंबकीय पदार्थाची चकती ठेवा. दोन कॉइलमधले अंतर ५ मिलिमीटरच्या आत हवे. डबी लोखंडी अँगलला टेकली असेल तर अँगलच तापतो, बॅटरी कोरडीच राहते. टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल मुळात १ अँपिअर मागते. छोट्या कॉइलला ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळते, दिवा लुकलुकतो. मग चांगली कॉइल खराब समजून फेकली जाते. १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, प्रवाह ५८० मिलिअँपिअरवर येईल.

ट्रान्समीटरला फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी चालते. मध्ये ५ व्होल्टचा कन्व्हर्टर घाला. निम्मी बॅटरी वापरून सात-आठ डब्यांना तासभर चार्ज देता येतो. चालता चालता काही भरत नाही. ट्रान्समीटर सायकलच्या ट्यूबने झाकणावर आवळा आणि त्या ओळीतली कामे उरका. ३.४ व्होल्टखालच्या डब्या आधी घ्या, ३.७ च्या वरच्या सोडा. बॅटरी फुगलेली किंवा २.५ व्होल्टखाली गेलेली असेल तर चार्ज न करता बदला.

झाकण लावण्याआधी सिलिका जेलची पुडी बदला, आणि सेन्सरच्या वायरला लाल पट्टी बांधा. छाटणीच्या कात्रीला वायर आणि काडी सारखीच.