जुने तोफगोळे जमवताय? मग निदान या चुका तरी टाळा

मागच्या आठवड्यात परत एक फोटो आला व्हॉट्सॲपवर. सोफ्यावर ठेवलेली तोफेची हातभर पितळी केस, म्हणजे गोळ्यामागचं बारूद भरायचं नळकांडं, बाजूला तर्री पोह्याची प्लेट, आणि खाली मेसेज, "काका एकदम ओरिजिनल, डीॲक्टिव्हेटेड आहे, फक्त चार हजारात भेटली". डीॲक्टिव्हेटेड म्हणजे निकामी केलेली. मी म्हटलं तळाचा फोटो पाठव. तर म्हणे तळाला काय असते काका, समोरूनच तर छान दिसते.

अरे बाप्पा, तळालाच सगळं असते.

वीसेक वर्षं झाली मला हे येड लागून. तोफेच्या रिकाम्या केसेस, पोकळ प्रॅक्टिस गोळे, दोन-तीन कापून दाखवलेले कटअवे पीस, असा एक कपाटभर संसार आहे. आणि या वीस वर्षांत नवीन पोरं त्याच त्या चार-पाच चुका करून राहिले आहेत. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसतं हेच पाठवून देईन.

भोकं दिसली म्हणून "डीॲक्टिव्हेटेड" समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे लांबण लावणार आहे, ऐकून घ्या.

१९६५ मध्ये खेमकरणला हवालदार अब्दुल हमीदांनी जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस गननी पॅटन रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. त्यामुळे प्रत्येक नवीन माणसाला पहिला पीस १०६ चाच पाहिजे असतो. मलाही पाहिजे होता. कामठी रोडच्या एका कबाड्याकडे भंगाराच्या ढिगात ती केस दिसली तेव्हा माझे हात थरथरत होते. केसला सगळीकडून गोल गोल भोकं, एकसारखी, ओळीनं. मी कबाड्याला विचारलं हे काय, तर तो म्हणे "साहब, फौजवाले छेद करके ही बेचते है, बेकार कर देते है". मला ते लगेच पटलं कारण ते पटवून घ्यायचंच होतं. रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणली आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवली.

तीन महिन्यांनी आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड हवालदार चहाला आले. गप्पा मारता मारता त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि त्यांनी कप बशीत ठेवला. एकच विचारलं, "याची टिकली पाहिली का तू?" आणि उत्तराची वाट न पाहता आमच्या पोराला म्हणाले जा बाळा आजीला घेऊन खाली खेळायला जा.

रिकॉइललेस गनची केस कारखान्यातूनच भोकाभोकाची येते. गोळा पुढे जाताना बराचसा गॅस त्या भोकांतून बाहेर पडून मागच्या बाजूने निघतो, म्हणून तर गनला झटका बसत नाही आणि ती जीपवर बसवता येते. म्हणजे मी ज्याला "बेकार केल्याची खूण" समजत होतो तो त्या वस्तूचा मूळ आकार होता. पूर्ण जिवंत राउंडलाही (केस आणि गोळा मिळून राउंड) तीच भोकं असतात. आणि माझ्या केसच्या तळाला प्रायमर, म्हणजे ठोका बसला की बारूद पेटवणारी ती टिकली, तसाच होता, त्यावर फायरिंग पिनचा ठोका नव्हता. तीन महिने ती वस्तू डिक्शनरीच्या शेजारी होती आणि बायको दर रविवारी तिच्यावरून फडकं मारायची.

पुढे काय झालं ते थोडक्यात. पोलीस स्टेशन, बॉम्ब शोधक-नाशक पथक, वाळूच्या पोत्यांची गाडी, पंचनामा, आणि मला संध्याकाळपर्यंत बसवून तेच ते प्रश्न. शेजाऱ्यांनी दोन वर्षं "बॉम्बवाले" म्हटलं. तो हवालदार काका मात्र पुढच्या रविवारी परत आला, चहा पूर्ण प्यायला.

त्या दिवसापासून माझी सवय अशी की ज्या पीसच्या आत मला डोळ्यांनी आरपार दिसत नाही तो पीस मी घेत नाही. केस असेल तर प्रायमरची जागा रिकामी पाहिजे, तळातून उजेड दिसला पाहिजे. गोळा असेल तर फ्यूजचं (गोळा फोडणाऱ्या कळीचं) तोंड उघडं आणि आतला पोकळ भाग तळापर्यंत दिसला पाहिजे. टॉर्च खिशात असतो. आणि हो, ठोका दिसला म्हणजे प्रायमर जळलाच असं पण नाही, मिसफायर नावाची गोष्ट असते. इंग्लंडमध्ये असे पीस विकताना "फ्री फ्रॉम एक्स्प्लोसिव्ह" असा कागद देतात, आपल्याकडे कबाड्याची जबान देतात. या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

"हा तर फायर झालेला आहे, आता काय होणार"

यावर माझं डोकं सटकते. गोळ्याच्या तांब्याच्या पट्ट्यावर बॅरलच्या खाचा उमटलेल्या दिसल्या की पोरं खूश होतात, फायर झालेला आहे म्हणजे सेफ. उलटं आहे! फ्यूज साधारणपणे तोफेतून सुटतानाच्या झटक्याने आणि गोळ्याच्या फिरण्याने आर्म होतो, तोपर्यंत तो झोपलेला असतो. म्हणजे खाचा आहेत आणि गोळा अख्खा आहे, तर तो झोपेतून उठलेला पण न फुटलेला गोळा असू शकतो. यापेक्षा वाईट वस्तू या छंदात नाही. फायरिंग रेंजच्या आसपासच्या गावांतून "स्वस्तात" येणारे पीस बहुतेक याच जातीचे. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, ११२ ला फोन करायचा आणि लांब उभं राहायचं. घासून पाहू, फ्यूज फिरते का पाहू, पाण्यात बुडवून ठेवू, यूट्यूबवर दाखवलं आहे, हे सगळं बंद. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोजवळ जुना दारूगोळा नष्ट करतानाच्या स्फोटात सहा जण गेले. तिथे तर नष्ट करण्याचंच काम चालू होतं, तुम्ही गॅलरीत पान्हा घेऊन काय दिवे लावणार आहात.

रणगाडाविरोधी गोळा म्हणजे ठोस लोखंड, असं समजणं

अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोकादायक. ब्रिटिशांच्या २-पाउंडर तोफेचा चिलखतभेदी गोळा खरंच ठोस पोलादी, आत स्फोटक नाही. पण जर्मनांच्या पान्झरग्रनाटे ३९ जातीच्या गोळ्यांत आत छोटा स्फोटक भाग आणि तळाला फ्यूज असतो, म्हणजे चिलखत भेदून आत गेल्यावर फुटायचं. बाहेरून दोन्ही टोकदार लोखंड. आणि ठोस असला तरी तळाला ट्रेसर असू शकतो, ते गोळ्याची वाट दिसावी म्हणून जळणारं रसायन आहे, शोभेचं झाकण नाही. रंगावर तर अजिबात जाऊ नका. निळा म्हणजे प्रॅक्टिस हे आजकालच्या गोळ्यांपुरतं ठीक, पण निळा ऑइलपेंट हार्डवेअरच्या दुकानात पण मिळतो ना.

बोफोर्स, बोफोर्स, बोफोर्स

विकणाऱ्यासाठी मोठी केस म्हणजे "जर्मन अठ्ठ्याऐंशी" (दुसऱ्या महायुद्धातली ८८ मिमी तोफ) आणि लहान केस म्हणजे "कारगिलची बोफोर्स". आता कारगिलला गाजलेली बोफोर्स म्हणजे १५५ मिमी हॉवित्झर, १९८६ च्या करारातली, तिचं बारूद पिशव्यांत भरतात, तिला पितळी केसच नाही. तुमच्या हातात आहे ती ४० मिमी विमानविरोधी बोफोर्सची, कंपनी तीच, पण तोफ १९३० च्या दशकातली. आणि गंमत म्हणजे ब्रिटिश २-पाउंडर रणगाडाविरोधी तोफसुद्धा ४० मिमीच. जुन्या बोफोर्सची केस ३११ मिमी लांब आणि २-पाउंडरची ३०४. सात मिलिमीटरचा फरक. शाळेच्या पट्टीनं आणि घाईनं मोजलं की झाला घोटाळा, आणि मग दोन हजाराच्या केसचे सहा हजार मोजून येतात साहेब. मोठा व्हर्नियर घ्या, नाहीतर सुताराकडून लाकडी माप करून घ्या, मी तेच केलं आहे. आणि तळावरचे शिक्के वाचायला शिका, मोबाईलची लाईट आडवी धरली की पुसट अक्षरंही वर येतात.

चिकटवलेला "कम्प्लीट राउंड"

एका प्रदर्शनात एकानं मला २५-पाउंडरचा "पूर्ण राउंड" दाखवला, गोळा केसच्या तोंडात घट्ट बसवलेला. मी नखानं सांध्याला खरवडलं तर एम-सील निघालं. २५-पाउंडरचा गोळा केसला कधी जोडलेलाच नसतो! आधी ११ किलोचा गोळा बॅरलमध्ये ढकलायचा, मग मागून केस, आणि केसमध्ये किती लांब मारायचं आहे त्या हिशोबानं लाल, पांढऱ्या, निळ्या पिशव्या ठेवायच्या. म्हणून तर ती केस तशी आखूड असते, फुटाच्या आत. आपल्या तोफखान्यात ही तोफ ७१ च्या युद्धातही होती, कोणत्याही जुन्या गनरला विचारा, फुकटात सांगेल. पण विचारायला वेळ कोणाला आहे, सगळ्यांना शनिवारी घेऊन रविवारी स्टेटस टाकायचा असतो.

पितळ चमकवणं, आणि गोठा

ही माझी दुसरी लाडकी चूक. नवीन माणूस केस घरी आणतो आणि पहिलं काम काय, तर आईकडून चिंच-मीठ मागून घासायला बसतो. एक तर जुना मुलामा गेला, शाईचे छापलेले मार्किंग गेले, म्हणजे केसचा बायोडाटाच धुऊन टाकला. आता तो फक्त तांब्या आहे, इतवारीत किलोवर जाईल. दुसरं त्याहून वाईट. बऱ्याच पितळ-पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि अमोनिया पितळेचा वैरी आहे.

याचा इतिहासच आपल्या देशातला आहे. इंग्रजांच्या काळी भारतात पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जायचे, आणि दारूगोळा बऱ्याचदा घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेला असायचा. पावसाळ्यात होते म्हणून त्याला "सीझन क्रॅकिंग" नाव पडलं. १९२१ मध्ये जाऊन कारण कळलं, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा, आणि केस ओढून बनवताना पितळात राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ तडकते.

हे सगळं मी वाचलं होतं बरं का. तरीपण घर बदलताना सहा केसेस काटोलजवळच्या मामाच्या घरी ठेवल्या. मामा म्हणाला माडीवर जागा नाही, गोठ्याच्या वर फळी आहे तिथे ठेव. जून ते ऑक्टोबर. दिवाळीत आणायला गेलो तर ६-पाउंडरच्या केसच्या मानेपासून खाली बोटभर तडा, केसासारखा बारीक, आणि कडेला हिरवट. माझी सगळ्यात महाग केस. मामा म्हणे काहून, म्हशीनं तर हात नाही लावला. काय सांगणार त्याला.

आता मी फक्त कोमट पाणी, थोडासा भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, आणि मग पूर्ण वाळवून मेणाचा पातळ हात. नागपूरच्या मे महिन्यात वाळवायचं टेन्शन नाही, दहा मिनिटं गच्चीवर ठेवा, फक्त उचलताना फडकं घ्या नाहीतर हात भाजेल. पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, कागद ओल धरतो.

बाकीच्या, पटापट

ट्रेनमध्ये बॅगेत घालून आणू नका. विमानतळावर तर साधं काडतुसाचं किचेनही नको, मशीनवाल्याला तुमचा छंद समजावत बसाल आणि विमान उडून जाईल.

घेताना कच्चं का होईना बिल घ्या, कोणाकडून, कधी, काय. बिल देत नाही म्हटला तर सलाम करून निघा.

घर-पत्ता दिसेल असे फोटो टाकू नका.

फ्यूज वेगळा विकत घेऊ नका. नाही म्हणजे नाही. तो छोटा असतो, सुंदर असतो, घड्याळासारखा दिसतो, आणि याच कारणानं लोकांची बोटं जातात.

कायद्याचं विचाराल तर आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत गोळे, फ्यूज आणि दारूगोळ्याचे सुटे भागसुद्धा येतात, हे बहुतेकांच्या गावीही नसते. काही किरकोळ सुट्या भागांना सवलत आहे, पण ती तुमच्या पीसला लागू होते का हे वकिलाला पीस दाखवून विचारा, मला फोटो पाठवून नाही. माझ्या कपाटाची यादी, फोटो आणि बिलं एका फाईलमध्ये आहेत आणि फाईलची झेरॉक्स वकिलाकडे आहे. देशभरच्या स्फोटकांच्या परवान्याचं हेडऑफिस, पेसो, आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, आणि आपल्याच गावातली पोरं "कागद कशाला लागते" विचारतात, याला काय म्हणावं.

त्या सोफ्यावाल्या पोरानं शेवटी काल रात्री तळाचा फोटो पाठवला. प्रायमरच्या जागी वर्तुळ दिसते आहे, पण फोटो हललेला आहे, ठोका आहे की सावली आहे ते कळत नाही. त्याला सांगितलं, केस आहे तिथेच राहू दे, घरच्यांना घेऊन बाहेर पड आणि ११२ लाव. मग हवालदार काकांना फोन केला. ते म्हणाले, पोलीस नेईपर्यंत त्याच्याशी फोनवर बोलत राहा, नाहीतर तो मधातच पाहायला आत जाईल.