सांगलीत नदीकाठानं पळायचं, तर आधी पाणी बघा

सांगलीत पळायची वाट बारा महिने एकच राहत नाही. ज्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतल्या, वाटेवर फेब्रुवारीत नुसती धूळ उडते, तीच ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पोटात असते आणि ऑक्टोबरात तिच्यावर घोटाभर गाळ बसलेला असतो. म्हणून एकाच वाटेचा हट्ट धरू नका. तीन वाटा मोजून ठेवा: एक बागेतली, एक काठावरची मातीची, एक पक्क्या रस्त्याची. सकाळी बाहेर पडताना त्यांतली एक निवडायची.

बागेतली म्हणजे अर्थात आमराई. नव्यानं सुरू करणाऱ्यानं पहिले तीन-चार आठवडे इथून हलूच नये. २ मिनिटं पळा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा, आठवड्यातून ३ दिवस. पळताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही म्हणो. फेरी छोटी असल्यानं वळणं सारखी एकाच बाजूला येतात आणि आतल्या बाजूचा गुडघा किंवा घोटा कुरकुरायला लागतो. त्यावर उपाय फुकटचा आहे: दर दोन फेऱ्यांनी दिशा बदला. सकाळी इथं चालणाऱ्यांचीच गर्दी असते, त्यामुळे मागून मुकाट्यानं घुसू नका. ‘काका, उजवीकडून येतोय’ एवढं चार पावलं आधी म्हटलं की कुणी दचकत नाही.

दाट झाडीखाली आणि छोट्या वळणांवर जीपीएसवर भरवसा ठेवू नका, अंतर कधी फुगतं, कधी कापलं जातं. फेरी एकदाच नीट मोजून टाका. सायकल घ्या आणि पुढच्या टायरवर खडूनं खूण करा. जमिनीवर रेघ मारून खूण रेघेवर आणा. सीटवर कुणाला तरी बसवून चाक बरोबर एक वळण पुढं न्या आणि टेपनं अंतर मोजा. वजनाशिवाय मोजलं तर टायर दबत नाही आणि माप जास्त भरतं. २६ इंची चाकाचं साधारण २ मीटर ५ सेंटिमीटर येतं. मग ज्या वाटेनं पळणार त्याच वाटेनं सायकल हातात धरून फिरा आणि खूण किती वेळा खाली आली ते मोजा. २५० वळणं झाली तर ५१२ मीटर. दोनदा मोजा, ५ मीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. मोठ्या वाटांना एवढा खटाटोप नको, तिथं फोनचं माप चालतं.

काठाची वाट ही खरी मजा, आणि चुका होतात त्याही इथंच. गणपती मंदिराकडून नदीवर उतरलं की वसंतदादांची समाधी आणि घाटांचा पट्टा लागतो. घाटाच्या पायऱ्या पळायला नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. पाणी ओसरल्यावर दगडावर शेवाळाचा पातळ थर राहतो, तो वरून वाळल्यासारखा दिसतो आणि दव पडलं की साबण होतो. पायऱ्यांवरून चालत जायचं, आणि पाऊल टाचेवर नाही, पूर्ण तळव्यावर टाकायचं.

मळीची काळी माती पळण्याजोगी आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. वरचा पापुद्रा पांढुरका, भेगाळलेला असतो आणि खाली लोणी असतं. दोन बोटं खोल माती उकरून मूठभर घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, त्यावर बोटांचे ठसे चमकले, तर परत फिरा. गोळा फुटून भुगा झाला तर वाट तुमची. ओल्या मातीत नुसती घसरण होत नाही. दर पावलाला बुटाला चिकटून तळाशी किलोभर लगदा जमतो, पाऊल उचलताना पोटरी ओढली जाते आणि दोन दिवसांनी टाचेच्या वरची शीर धरते. वरून तुमच्या पायांनी पडलेले खड्डे वाळून दगडासारखे होतात आणि पुढच्या पळणाऱ्याचा घोटा मुरगळतो. पूर ओसरल्यावर दसऱ्यापर्यंत तरी ही वाट सोडून द्या. गाळाखाली फुटक्या काचा, तारा, झाडांची खोडं असतात.

बांधावरून जाताना बाभळीचे काटे आलेच. दोन इंची काटा स्पंजच्या मऊ तळातून सरळ पायात शिरतो, त्यामुळे उशीसारखे जाड बूट इथं उलट त्रासाचे. तळाला बाहेरून कडक रबराचा सलग थर असलेले बूट घ्या. घरी आल्यावर तळ उलटा करून पाहा. मोडलेलं टोक बाहेरून दिसत नाही, पण रोजच्या दाबानं चार दिवसांत आत सरकतं. आतला सोल काढून हात फिरवला की टोचतं, मग चिमट्यानं ओढा.

आता मगरी. कृष्णेत त्या आहेत. औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात माणसांवर हल्लेही झालेत. पळणाऱ्याला मगर वाटेवर गाठत नाही, धोका असतो तो पळून झाल्यावर. चिखलाचे बूट धुवायला, तोंडावर पाणी मारायला माणूस कडेला वाकतो, आणि मगर उथळ, गढूळ पाण्यातच दबा धरून असते. बूट घरी धुवा. पाण्यापासून वीस पावलं तरी अंतर ठेवा. थंडीत ऊन वर आलं की मगरी गाळाच्या काठावर ऊन खात पडतात, लांबून ओंडकाच वाटतो. काठावर ओंडका दिसला तर तो ओंडका नाही असं धरून चाला. उन्हाळ्यात मादी काठच्या वाळूत अंडी घालून राखण करते, तेव्हा वाळूच्या पट्ट्यांकडे फिरकूच नका. बंधाऱ्यावरून पळणं तर कुठल्याच मोसमात नको.

तिसरी, पक्क्या रस्त्याची वाट हरिपूरची. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथपर्यंत जाऊन परत येणं हा सांगलीकरांचा नेहमीचा फेरा. रस्ता सपाट असल्यानं वेग राखून पळायला चांगला. श्रावणी सोमवारी मात्र यात्रेची गर्दी असते, त्या दिवशी दुसरीकडे जा. रस्ता सोडून आडरानात घुसू नका. या गावात हळद साठवायला जमिनीत खोल पेवं असत, २००५च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. बुजलेली जमीन वरून ओळखू येत नाही.

पक्क्या रस्त्यावर कायम उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. ऊसतोडीच्या हंगामात हे फारच महत्त्वाचं, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पहाटे अंधारात येतो, मागं दिवा असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना ट्रॉलीबाहेर आलेला असतो. ट्रॅक्टरचं तोंड तुम्हाला चुकवून जातं, उसाची टोकं जातीलच असं नाही. तो येताना दिसला की थेट रस्त्याखाली उतरून थांबा आणि दुसरी ट्रॉली गेल्याशिवाय वर येऊ नका. सांडलेलं उसाचं कांडं पायाखाली रुळासारखं फिरतं, त्यावर पाय देण्यापेक्षा वळसा घाला. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि जूनमध्ये सहाच्या. थंडीत साडेपाचला निघणाऱ्यानं डोक्याला बॅटरी आणि पाठीवर चमकणारी पट्टी लावलीच पाहिजे.

उसाच्या कडेच्या पाणंदीत घोणस असते. अंधारात पाय आपटत, उजेड पुढं टाकत चाला, वाळलेल्या पाचटावर पाय देऊ नका. चावलीच तर पळत घरी यायचं नाही. चावलेला पाय न हलवता, पट्टा न आवळता, न कापता, गाडीनं थेट सांगली सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय गाठायचं. कुत्र्यांचं सोपं आहे: पळणं थांबवा, नजर खाली ठेवा, सावकाश चालत पुढं निघा. त्यांना पळणारा हवा असतो, चालणारा नको.

पावसाळ्यात रोज एक आकडा बघायचा: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ला ती ५७ फुटांवर गेली होती. पळणाऱ्याची मर्यादा याच्या कितीतरी खाली आहे. पाणी चढतंय एवढं कळलं की काठाची वाट बंद, ४०ची वाट बघत बसायचं नाही. सांगलीत लख्ख ऊन असतानाही कोयना धरणातून सोडलेल्या पाण्यानं नदी वाढते, हे बाहेरून राहायला आलेल्यांना लवकर ध्यानात येत नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरात पाणी शिरलं की शहराचे रस्तेही पळण्याचे राहत नाहीत. तेव्हा विश्रामबागकडे सरका, नेमिनाथनगरचं कल्पद्रुम मैदान आहेच. काळी खण या तळ्याभोवतीही फिरता येतं, पण पावसात डासांची तयारी ठेवून जा.

उन्हाळ्यात साडेसातच्या आत घरी. तासाभरापेक्षा जास्त पळणार असाल तर अर्धा लिटर पाणी बरोबर घ्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे. मीठ अंदाजानं टाकलं की मळमळतं आणि लोक दोष उन्हाला देतात.