झाडावरची फर्न ओळखायची कशी, घरी लावायची कशी

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात गेलात की झाडांच्या खोडांवर जरा वर बघा, बाशिंग नावाचं फर्न (नेचा) दिसेल. हे बांडगूळ नाही बरं का, झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेतं.

ओळखायला पानं बघायची. बाशिंगाची पानं दोन प्रकारची, बुडाशी खोडाला चिकटलेली छोटी तपकिरी, जी वाळली तरी गळत नाहीत आणि त्यांच्यात पालापाचोळा अडकून खत होतं, किती सुंदर सोय आहे ही! आणि वरची लांब हिरवी, त्यांच्या मागे बीजाणूंचे (स्पोअर्सचे) गोल ठिपके. नर्सरीतलं स्टॅगहॉर्न फर्न याच कुळातलं, पॉलीपोडिएसी, पण त्याच्यात ठिपक्यांऐवजी पानाच्या टोकाला तपकिरी पट्टा येतो. बर्ड्स नेस्ट फर्नचं कुळ वेगळं, पान उलटं केलं की शिरांच्या कडेने बीजाणूंच्या सरळ रेघा.

जंगलातलं उपटू नका, नर्सरीतलंच आणा. लाकडी फळीवर नारळाचा काथ्या, त्यावर रोप, नायलॉनच्या दोरीने बांधायचं. पुण्याचा एप्रिल-मे कोरडा, तेव्हा सकाळच्या उन्हाची गॅलरी बरी आणि काथ्या सुकला की अख्खी फळी बादलीत दहा मिनिटं बुडवायची. बुडाचं तपकिरी पान वाळलंय म्हणून कापू नका, मी कापलं होतं, रोप महिनाभरात गेलं.