घोडं खातंय, पण अंगी लागत नाही?

मार्गशीर्षात नांदेडकडच्या माळेगावची यात्रा, घोड्यांचा बाजार, पाठोपाठ लग्नसराई. घोडी बारीक दिसली की याच दिवसांत टॉनिकच्या बाटल्या येतात, चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्यात, गूळ वाढतो. तो खर्च थोडा थांबवा. आधी एवढा छडा लावा: घोडीला खाता येत नाही, की खाल्लेलं अंगी लागत नाही?

थंडीचे केस वाढले की नजर फसते, म्हणून बरगड्यांवरून हात फिरवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी टेपनं सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे अंदाजे किलो. घेर 160, लांबी 150 असेल तर सुमारे 323 किलो. एवढ्या जनावराला रोज 5 ते साडेसहा किलो सुकी वैरण लागते. कडब्याची पेंढी मोजून नव्हे, वजन करून टाका. ताटं उरली तर ती पोटात गेली असं धरू नका.

आता दावणीत बघा. लाळेनं भिजलेले, अर्धवट चावलेले वैरणीचे गोळे पडलेत? लिदीत अख्खे हरभरे, लांब काड्या? मग दोष दाढांचा. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा गालाला आणि खालच्यांच्या आतल्या कडा जिभेला टोचतात. डॉक्टर कानशीनं त्या घासून देतात. तुम्ही तोंडात हात घालू नका.

खाणं ठीक आणि तरी घोडी वाळत असेल, तर आपल्याकडे पावसाळ्यानंतर पहिला संशय सर्राचा, म्हणजे रक्तातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या रोगाचा, घ्यावा. गोमाश्या चावून तो पसरतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पोटाखाली आणि पायांवर सूज, डोळ्यांची आतली त्वचा फिकी, मागचा भाग लटपटता. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. 101.5 फॅरनहाइटच्या वर गेला की त्याच वेळी, औषध देण्याआधी, रक्त तपासायला द्या. ताप उतरल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू सापडेलच असं नाही.

जंतांसाठी लीद तपासून, वर काढलेल्या वजनाप्रमाणे औषध द्या. अंदाजानं कमी दिलेला डोस वायाच जातो.

वजन भरून काढायच्या घाईत गाईम्हशींची किंवा कोंबड्यांची पेंड घालू नका. त्यात मोनेन्सिन हे पशुखाद्यात मिसळलं जाणारं औषध असेल तर घोडा दगावू शकतो. चंदीही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोटशूळ ठरलेला.

नाकातून चिकट शेंबूड आणि अंगावर गाठी, फोड दिसले तर यात्रेचा बेत रद्द. तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घोडी वेगळी बांधा, तिचं पाणी-तोबरा वेगळा ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. रक्ताचा नमुना तेच घेतील.